धवलारीण गाते तेव्हा तुमचा फोन काय ऐकतो?

लग्नसराईत काल्हेरला आलात तर हळदीचा पत्ता विचारावा लागत नाही. कशेळीचा पूल उतरला की आवाजाच्या दिशेने चालायचं. डीजे नाहीतर बँजो, समोर नाचणारी निम्मी आळी आणि जवळजवळ प्रत्येक हातात फोन. एका रात्रीत शेकडो व्हिडिओ तयार होतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रील्सही येऊन गेलेल्या असतात.

त्याच घरात, डीजे सुरू व्हायच्या आधी, मांडवात दोन-तीन म्हाताऱ्या बाया बसून गात असतात. वाद्य नाही, माइक नाही. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात. ओळ म्हणणारी ती धवलारीण आणि ती जे गाते ते धवले. याचा व्हिडिओ सहसा कुणाकडेच नसतो. असलाच तर वीस सेकंदांचा, आणि त्यातही मागून कुणीतरी "जनरेटरवाला आला का?" विचारत असतं.

हा लेख त्या आवाजाबद्दल आहे. तो फोनमध्ये नीट कसा पकडायचा, पकडल्यावर कुठे ठेवायचा आणि त्यातून आजच्या काळातलं काय उभं करता येईल, ते सांगतो. सेटिंग्जकडे जाण्याआधी थोडं मागे जाऊ, कारण कुठलं बटण का बंद करायचं हे त्याशिवाय कळणार नाही.

धवला म्हणजे विधीचं मॅन्युअल

आगरी लग्नात वेगवेगळ्या विधींची गाणी वेगवेगळी असतात. मांडवाचं वेगळं, हळदीचं वेगळं. धवलारणीला फक्त गाणी पाठ नसतात, तिला क्रम पाठ असतो. कशानंतर काय, कुणाला पुढे बोलवायचं, कुठल्या देवाचं नाव आधी घ्यायचं. पूर्वी अनेक गावांत लग्न लावायचं कामही तिचंच होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर धवले म्हणजे लग्नाचं युजर मॅन्युअल, फक्त ते वाचायचं नाही, गायचं.

शब्द फार जुना आहे. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते ती महदंबा, महानुभाव पंथातली, तेराव्या शतकातली. तिची प्रसिद्ध रचना म्हणजे 'धवळे', रुक्मिणी-कृष्णाच्या लग्नाची गाणी. म्हणजे लग्नात धवळे गायची पद्धत निदान सातशे वर्षांची आहे, आणि काल्हेरच्या मांडवातल्या आजीच्या तोंडी तोच शब्द 'ळ'चा 'ल' होऊन आलाय.

आणि तो फक्त आगऱ्यांकडे नाही. डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली लग्नातही गाणारी आणि लग्न लावणारी बाई असते, तिला धवलेरी म्हणतात. तिची गोष्ट आपल्याला इथे उपयोगी पडणार आहे, कारण तिच्या बाबतीत जे झालं तेच आपल्याकडे होऊ शकतं.

चित्र जगभर गेलं, गाणं मागे राहिलं

वारली चित्रं कुणाला माहीत नाहीत? मोबाइल कव्हरवर, कपावर, मॉलच्या भिंतीवर, सगळीकडे आहेत. पण मुळात ती सजावट नव्हती. लग्नघरात शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सवाशिणी चौक काढायच्या. चौकाच्या आत पालघट देवी. आणि हे काम चालू असताना धवलेरी गायची. चित्र, गाणं, लग्न हे तीन वेगळे कार्यक्रम नव्हते. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नसे.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या भागात आले आणि त्यांनी लोकांना कागद दिला. डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळचे जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर जे काढलं त्याने सगळंच बदललं. मशे लग्न नसतानाही, रोज चित्रं काढू लागले. तारपा नाच, मासेमारी, मुंग्यांची वारुळं, रेल्वे, जे दिसेल ते. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये त्यांचं काम पॅरिसच्या 'माजिशियां द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात लागलं, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा वारली चित्रकला हजारो लोकांचं पोट भरत होती. २०१४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं होतं, म्हणजे तो जीआय टॅग.

माझं मत विचाराल तर मशे हे आपल्या भागातले सगळ्यात मोठे समकालीन कलावंत. त्यांनी कला 'वाचवली' असं लोक म्हणतात, मला तो शब्द तोकडा वाटतो. त्यांनी नवी कला केली.

पण एक गोष्ट बघा. कागदावर काय मावलं? रेषा मावली. गाणं मावलं नाही. चित्र काढणाऱ्या बाया मागे पडल्या आणि गाणारी धवलेरी त्याहून मागे. आज पालघट देवीचा चौक गुगलवर शोधला तर पानंच्या पानं भरून चित्रं येतात. तो काढताना काय गायचे हे विचारा, फार थोडं सापडतं. यात कुणाचा दोष नाही. ज्या माध्यमात जे बसतं तेच पुढे जातं, एवढाच त्याचा अर्थ.

डीजेचंही तसंच. आगरी-कोळी गाणी आज यूट्यूबवर आणि प्रत्येक हळदीत वाजतात, कारण त्यांना ठेका आहे. ठेका असला की बीट लावता येतो. धवल्याला ठेका नाही. तो संथ असतो, ओळ लांबते, गाणारीच्या श्वासाप्रमाणे थांबते. डीजेच्या दृष्टीने त्यात पकडायला काहीच नाही. डीजेला शिव्या देणाऱ्यांतला मी नाही, मीही नाचतो. पण धवला डीजेवरून पुढच्या पिढीत जाणार नाही हे उघड आहे.

कागदात आवाज मावत नव्हता. फोनमध्ये मावतो. फक्त फोनला तो तसाच घ्यायला सांगावं लागतं, कारण फोन स्वतःहून तसं करत नाही.

फोन धवल्याचं काय करतो

फोनचा माइक आणि त्यामागचं सॉफ्टवेअर कॉलसाठी बनवलेलं असतं. त्याचं गणित सोपं आहे: जवळ एक माणूस बोलतोय, बाकी सगळा गोंगाट. त्यासाठी दोन गोष्टी आपोआप चालू असतात.

पहिली नॉइज सप्रेशन. बोलताना आवाज सारखा बदलत असतो, पंख्याची घरघर मात्र एकसारखी असते. म्हणून जे एकसारखं चालू आहे ते सॉफ्टवेअर दाबतं. आता धवला आठवा. लांबवलेला स्वर आणि मागे झेलणाऱ्या बायांचा एकत्र आवाज. सॉफ्टवेअरला तो पंख्यासारखाच वाटतो! ओळीचं शेवटचं टोक कापलं जातं, मागच्या बाया पाण्याखालून गात असल्यासारख्या येतात.

दुसरी ऑटोमॅटिक गेन. आवाज कमी झाला की फोन माइक वाढवतो, मोठा झाला की कमी करतो. धवलारीण श्वास घ्यायला थांबली की फोन लगेच माइक वाढवतो आणि त्या शांततेत बाहेरचा ट्रक आत येतो. (काल्हेरमध्ये ट्रक नसलेला क्षण सापडत नाही, चारी बाजूंनी गोदामं आहेत.) पुढची ओळ सुरू झाली की माइक पुन्हा खाली. ऐकताना सगळं रेकॉर्डिंग श्वास घेतल्यासारखं वरखाली होत राहतं.

म्हणून कॅमेऱ्याच्या व्हिडिओवर विसंबू नका. आवाज वेगळा रेकॉर्ड करा. अँड्रॉइडवर डब्ल्यूएव्ही, म्हणजे वेव्ह फाइल देणारं कुठलंही रेकॉर्डर ॲप चालेल. उदाहरणार्थ ईझी व्हॉइस रेकॉर्डर. त्यात जाऊन नॉइज कमी करण्याचा पर्याय, ऑटो गेन आणि 'शांतता गाळा' असे जे जे पर्याय दिसतील ते बंद करा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये व्हॉइस मेमोज शोधा आणि ऑडिओ क्वालिटीमध्ये 'लॉसलेस' निवडा.

सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. ध्वनिसंग्रह करणाऱ्या संस्था जगभर ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट हे किमान माप मानतात. तुमच्या ॲपमध्ये १६ बिटच असेल तरी हरकत नाही. जागा किती लागेल? एका माइकचं, १६ बिटचं रेकॉर्डिंग मिनिटाला सुमारे ५.८ एमबी, म्हणजे तासाला साधारण ३५० एमबी. अख्ख्या हळदीचे धवले एका सिनेमापेक्षा कमी जागेत बसतात.

आता फोन ठेवायचा कुठे. हातात नाही, बोटांची खसखस येते. जमिनीवर नाही, पावलांचा धप्पा येतो. स्टुलावर टॉवेलची घडी, त्यावर फोन, खालची बाजू (माइक बहुतेक फोनमध्ये तिथे असतो) गाणारीकडे, अंतर हात-दीड हात. पंखा बंद करता आला तर बघा. एअरप्लेन मोड लावायला विसरू नका, नाहीतर नेमका कुणाचा तरी "लोकेशन पाठव" म्हणून कॉल येतो आणि रेकॉर्डिंग थांबतं. गाणं सुरू व्हायच्या आधी लेव्हलची पट्टी बघा. सगळ्यात मोठ्या आवाजाला ती उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली पाहिजे. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कुठलंही ॲप शिवत नाही.

सुरुवातीला एक मोठी टाळी वाजवा, शेवटी दुसरी. व्हिडिओ आणि आवाज नंतर जुळवायला त्या टाळ्याच लागतात. आणि सगळं झाल्यावर कुणी न बोलता अर्धा मिनिट नुसतं मांडवाचं रेकॉर्डिंग घ्या. एडिट करताना जोड लपवायला ते सोन्यासारखं उपयोगी पडतं.

टाळीच्याही आधी: विचारा

हे मी सेटिंग्जनंतर लिहितोय, पण मांडवात ते आधी येतं. काही जणी लग्नाशिवाय धवला म्हणायला तयार नसतात. ते विधीचं गाणं आहे, सहज बसून म्हणायचं नाही, असं त्यांचं म्हणणं असतं. त्यांना दुपारी घरी बसवून "आजी, एक गाणं म्हणा ना" करू नका. लग्नातच रेकॉर्ड करा, किंवा शब्द नुसते सांगायला सांगा.

आणि तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा. "आजी, रेकॉर्ड करू का? घरच्यांना ऐकवू का? इंटरनेटवर टाकू का?" पहिल्याला हो म्हणजे तिसऱ्याला हो नाही. उत्तर रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या.

हे नुसतं शिष्टाचाराचं बोलणं नाही. पारंपरिक गाण्यावर कुणाचा कॉपीराइट नसतो, पण गाणारीचा हक्क असतो. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ३८ मध्ये कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क दिलाय. तिने गायलेलं रेकॉर्ड करायला, त्याच्या प्रती काढायला, लोकांसमोर ठेवायला तिची परवानगी लागते. मांडवात बसलेल्या आजीलाही हा हक्क तेवढाच लागू आहे जेवढा एखाद्या प्लेबॅक सिंगरला.

विचारलं नाही तर काय होतं त्याचं जगभर सांगितलं जाणारं उदाहरण आहे. १९७० मध्ये सॉलोमन बेटांवर ह्यूगो झेंप या संशोधकाने आफुनाक्वा नावाच्या बाईची अंगाई रेकॉर्ड केली. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीने ती उचलली, खाली बीट टाकला आणि 'स्वीट ललाबाय' नावाचं हिट गाणं केलं. अल्बमच्या लाखो प्रती खपल्या. झेंप यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला. अंगाई गाणारीचं नाव मात्र आजही ते गाणं ऐकणाऱ्या बहुतेकांना माहीत नाही. आता हेच काम करायला स्टुडिओही लागत नाही. मेटाच्या संशोधकांनी बनवलेलं डेमक्स नावाचं मोफत सॉफ्टवेअर कुठल्याही गाण्यातून आवाज वेगळा काढून देतं. तुम्ही रील म्हणून टाकलेला धवला उद्या कुणाच्या तरी ट्रॅकमध्ये सापडू शकतो.

नाव, गाव, विधी

फाइल मिळाली. आता तिचं नाव काय? फोनने दिलेलं 'रेकॉर्डिंग ०४७' तसंच राहिलं तर दोन वर्षांनी तुम्हालाही ते उघडावंसं वाटणार नाही.

इथे आपल्याकडचंच एक मोठं काम शिकवण देतं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी प्वातवॅं यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, महाराष्ट्रातल्या हजारभर गावांतून एक लाखाहून जास्त. पुढे बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक आले, त्यांनी १२० तासांच्या आसपास आवाज रेकॉर्ड केला आणि सगळ्याचा डेटाबेस बांधला. २०१७ पासून पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया, त्या ओव्या वेबसाइटवर टाकतंय. ऐकून बघा. प्रत्येक ओवीमागे गाणारीचं नाव आहे, गाव आहे, विषय आहे. जाती घरातून गेली, ओवी म्हणायचं कारणच संपलं, तरी आज त्यातली एखादी ओवी शोधता येते ती या माहितीमुळे. नुसता आवाज असता तर तो १२० तासांचा ढीग असता.

आपल्याला डेटाबेस नको, शिस्त पुरे. फाइलच्या नावात आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग विधी, मग क्रमांक. म्हणजे '२०२६०२१४_काल्हेर_हळद_०१'. असं लिहिलं की फाइली आपोआप क्रमाने लागतात. बाकीचं एका गुगल शीटमध्ये: कोण गातंय, माहेर कुठलं (धवले माहेराहून येतात, म्हणून हा रकाना फार महत्त्वाचा), कुठला विधी चालू होता, आधी काय झालं, नंतर काय झालं, परवानगी कशाकशाची आहे.

शब्द लिहून काढताना एक धोका आहे. मराठीतलं बोलणं टाइप करून देणारे एआय आता बरेच चांगले झालेत. पण ते प्रमाण मराठीवर शिकलेत. आगरीत आपण 'मना' म्हणतो, एआय 'मला' लिहितं. 'पानी'चं 'पाणी' करतं, 'गारी'चं 'गाडी'. मशीन आपल्या आजीचं शुद्धलेखन तपासतं आणि आपल्याला वाटतं काम झालं. धवल्यात तर असे शब्द असतात जे रोजच्या आगरीतही उरलेले नाहीत. तिथे ते बेधडक भलताच शब्द ठोकून देतं. म्हणून एआयचा मसुदा घ्या, पण समोर आजीला बसवा आणि ओळ ओळ विचारा. संगणक असेल तर ईलान नावाचं मोफत सॉफ्टवेअर बघा. हॉलंडमधल्या मॅक्स प्लांक संस्थेने बनवलंय. आवाजाच्या पट्टीखाली मूळ शब्द, त्याखाली अर्थ, त्याखाली विधी, असं थरावर थर लिहिता येतं.

फाइल पाठवताना व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हॉइस नोटमध्ये आवाज इतका दाबला जातो की मिनिटाचे शे-दीडशे केबी उरतात. आणि प्रती तीन ठेवा: फोनमध्ये, पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर, आणि क्लाउडवर. चौथी प्रत धवलारणीच्या घरी द्या, तिच्या नातवाच्या फोनमध्ये. ती पहिली द्यायला हवी खरं तर.

नाच असेल तर गच्चीवर जा

इथपर्यंत सगळं गाण्याबद्दल झालं. नाचाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फोन अजून कच्चा आहे.

फोनच्या व्हिडिओतून माणसाची हालचाल ओळखणारं तंत्र आता मोफत मिळतं. गुगलचं मीडियापाइप शरीरावरचे ३३ बिंदू ओळखतं: खांदे, कोपरं, गुडघे, घोटे. त्या बिंदूंचं ॲनिमेशन करता येतं. रंगमंचावर असं पहिल्यांदा मोठ्या प्रमाणात गाजलं ते १९९९ मध्ये, अमेरिकन नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांच्या 'बायपेड'मध्ये. खऱ्या नर्तकांच्या पुढे प्रकाशाच्या रेषांचे नर्तक.

पण तारपा नाचावर ते लावून बघा. कमरेत हात घालून साखळी, शेजाऱ्याला चिकटून शेजारी. मशीनला कुठला हात कुणाचा कळत नाही. लुगड्यात गुडघा दिसत नाही, म्हणून पाय अंदाजाने काढतं. आणि मुळात तारप्याचा नाच एका माणसाच्या हातापायात नसतोच, तो साखळीच्या आकारात असतो. तारपा वाजवणारा मध्ये, साखळी त्याच्याभोवती गुंडाळत जाते, तो वळला की तीही वळते, त्याला पाठ दाखवत नाही. मशे यांच्या चित्रांत तो सर्पिल आकार वरून बघितल्यासारखा काढलेला असतो, आणि मला तीच सगळ्यात चांगली कॅमेरा सूचना वाटते. समोरून क्लोजअप घेऊ नका. शेजारच्या घराच्या गच्चीवर जा, फोन स्टँडला लावा आणि पूर्ण गाणं न हलवता शूट करा. दुसरा फोन खाली, फक्त पायांवर. आपल्याकडच्या गौरीच्या नाचालाही हेच लागू पडतं.

मग याचं करायचं काय

साठवून ठेवलेलं कुणी ऐकत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणून मला कॅनडाच्या जॅनेट कार्डिफ या कलावतीचं एक काम फार आवडतं. नाव 'द फॉर्टी पार्ट मोटेट', साल २००१. चारशेहून जास्त वर्षांपूर्वीचं एक चर्चमधलं गाणं, ज्यात चाळीस वेगळे आवाज आहेत. तिने गायकांचे आवाज वेगवेगळे रेकॉर्ड केले आणि चाळीस स्पीकर मोठ्या लंबवर्तुळात उभे केले. एका स्पीकरमधून एकच आवाज. तुम्ही मध्ये उभे राहिलात तर पूर्ण समूह ऐकू येतो, एखाद्या स्पीकरजवळ गेलात तर एकच माणूस तुमच्या कानाशी गातो. गाण्यात काहीच बदललेलं नाही, बीट नाही, रिमिक्स नाही. फक्त ऐकायची जागा बदलली.

धवल्याला हे इतकं चपखल बसतं की माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडे चाळीस नाहीत, तीनच बाया आहेत. तीन फोन, प्रत्येकीपुढे एक. तीन फाइली टाळीवर जुळवायच्या. (अर्ध्या तासात फोनची घड्याळं किंचित मागेपुढे होतात, म्हणून शेवटची टाळी.) मग तीन स्पीकर, मांडवाच्या तीन कोपऱ्यांत, बाईच्या तोंडाच्या उंचीवर. ब्लूटूथ वापरू नका, प्रत्येक स्पीकर वेगळ्या वेळी मागे पडतो आणि ओळ फाटते. वायर लावा. डीजेवाल्याकडे वायरी आणि मिक्सर असतोच, आणि हळदीला त्याला संध्याकाळी सातपर्यंत काम नसतं.

शब्द कळत नाहीत ही अडचण उरते. ब्रिटनमध्ये काम केलेल्या सुझन हिलर यांनी २००७ मध्ये 'द लास्ट सायलेंट मूव्ही' केली. मेलेल्या आणि मरायला टेकलेल्या भाषांची जुनी रेकॉर्डिंग, पडदा पूर्ण काळा, त्यावर फक्त सबटायटल. बघायला काही नाही म्हणून माणूस ऐकतो. धवल्यासाठी हे फोनवरही करता येईल: काळी स्क्रीन, वर आगरी ओळ, खाली अर्थ, आणि कोपऱ्यात 'आता हळद लावतायत'. कुठलंही साधं व्हिडिओ एडिटर पुरतं.

लग्नपत्रिकेवर क्यूआर छापून तो धवला त्यात द्यायचा, ही कल्पना आमच्या आळीत एकाने वापरली आणि लोकांनी खरंच स्कॅन केलं. फक्त क्यूआर 'स्टॅटिक' घ्या. फुकटच्या साइटवर बनवलेले 'डायनॅमिक' क्यूआर आधी त्या साइटवर नेतात आणि मुदत संपली की बंद पडतात. स्टॅटिकमध्ये लिंक त्या चौकटीतच असते, ती तुमची फाइल जिवंत असेपर्यंत चालते.

यातलं काही रिमिक्स करायचं असेल तर करा. स्वच्छ, एकट्या आवाजावर बीट कधीही चढवता येतो. डीजेच्या आवाजात बुडालेला धवला मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण बाहेर येत नाही. म्हणून आधी कोरडं रेकॉर्डिंग, मग बाकीचं. आणि वर गाणारीचं नाव, ती हो म्हणाली असेल तर.

पुढच्या हळदीचं आमंत्रण आलं की यजमानांना एवढंच विचारा: धवले किती वाजता बसणार? डीजेची वेळ पत्रिकेत असते, ही नसते. साडेचारला म्हणाले तर चारला जा, फोन पूर्ण चार्ज करून, दोन जीबी जागा मोकळी ठेवून. आणि टॉवेल घरूनच न्या.